गोळी दिली, पण घ्यायची कशी ते कोण सांगणार? आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री,
स. न. वि. वि.

ठिसूळ हाडांसाठी दिली जाणारी अ‍ॅलेंड्रोनेटची गोळी जुनी आणि भरवशाची आहे, पण तितकीच हट्टी. उपाशीपोटी घेतली तरी तिचा शंभरातला एक भागही रक्तात पोहोचत नाही. चहा, दूध किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेतली, तर तेवढाही नाही. तरीही चिठ्ठीवर बहुधा 'आठवड्यातून एकदा' एवढेच लिहिलेले असते. म्हणून गोळीच्या प्रत्येक पाकिटासोबत रुग्णाच्या भाषेतले, ठळक अक्षरांतले कार्ड सक्तीचे करावे, ही आमची मागणी.

कार्डावर काय हवे? ७० मिलिग्रॅमची एक गोळी, वार ठरवून, सकाळी उठल्याबरोबर. पेलाभर साध्या पाण्याबरोबर गिळायची, चघळायची नाही. पुढचा अर्धा तास काही खायचे नाही आणि आडवेही व्हायचे नाही. गोळी अन्ननलिकेत रेंगाळली तर तिथे व्रण होतो; ज्यांना अर्धा तास ताठ बसता येत नाही, त्यांना ती देऊच नये. वार चुकला तर आठवल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी एकच घ्यावी, एका दिवशी दोन कधीही नाहीत. कॅल्शियम त्या दिवशी उशिरा.

लिहून देणाऱ्यांसाठीही दोन ओळी हव्यात. आधी रक्तातले कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम कळण्यासाठी) तपासावे. कॅल्शियम कमी असेल तर ते भरून काढल्याशिवाय सुरुवात नको. क्रिएटिनिन क्लिअरन्स, म्हणजे मूत्रपिंडाची रक्त गाळण्याची गती, मिनिटाला ३५ मिलिलिटरच्या खाली असेल तर ही गोळी टाळावी. दात काढायचा असेल तर तो आधीच काढून घ्यावा, कारण क्वचित जबड्याचे हाड उघडे पडते आणि भरून येत नाही.

ठिसूळ हाडांसाठीच वर्षातून एकदा दिल्या जाणाऱ्या झोलेड्रोनिक अ‍ॅसिड या औषधाच्या सलाईनचे (५ मिलिग्रॅम) वेगळे आहे. ते किमान १५ मिनिटे चालले पाहिजे. घाईत सोडले तर मूत्रपिंडाला इजा होते. हेच औषध कर्करोगात ४ मिलिग्रॅमच्या मात्रेत, दुसऱ्या नावाने दिले जाते. दोन विभागांनी एकमेकांना न विचारता दोन्ही दिली, तर कोणाच्या लक्षातही येत नाही.

कार्डावर सुरुवातीची तारीख छापील चौकटीत असावी. ही दोन्ही औषधे हाडात वर्षानुवर्षे मुरतात. म्हणून गोळ्यांची ५ वर्षे किंवा सलाईनची ३ वर्षे झाली, की पुढे चालू ठेवायचे की थांबायचे हे ठरवावे लागते. मध्येच मांडीत किंवा जांघेत दुखू लागले तर दोन्ही मांड्यांचा एक्स-रे काढावा. लांबलेल्या उपचारात मांडीचे हाड किरकोळ धक्क्यानेही मोडू शकते. तारीखच नसेल, तर ही ५ वर्षे मोजायची कुठून?

आपले,
अस्थिविकारांवर उपचार करणारे डॉक्टर व औषधनिर्माते