लिफ्ट किट घ्यायच्या आधी गाडीखाली वाकून बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या गाड्यांच्या पानावर लिफ्ट किटबद्दल, म्हणजे गाडी उंच करायच्या सामानाबद्दल, आलंय ते वाचलं. फोटो झकास होते, पण अख्ख्या पानात सगळं उंचीवरच, दोन इंच घ्यावी का तीन इंच, तीन इंचात गाडी कशी भारदस्त दिसते वगैरे. गाडीच्या खाली काय असतं याबद्दल एक ओळ नाही. मी याच नादात वर्षभर पैसे घालवून बसलोय म्हणून लिहितोय, पत्र लांबलं तर खुशाल कात्री लावा पण ग्रीसचा भाग तेवढा ठेवा.

मी भोरचा. शेत वरच्या वाडीला आहे, शेवटचे दोनेक किलोमीटर रस्ता असा नाहीच, बैलगाडीची जुनी वाट आणि पावसाळ्यात दोन्ही बाजूला भातखाचरं. त्यासाठी थार घेतली, नवीन मॉडेल, २०२० च्या ऑक्टोबरमध्ये बाजारात आलं ते. आता खरं सांगायचं तर या गाडीला कंपनीतूनच २२६ मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स (जमिनीपासून पोटापर्यंतची मोकळी जागा) आहे, साडेसहाशे मिलिमीटर पाण्यातून जाते असं कंपनीच सांगते, माझ्या कामाला तेवढं बास होतं. पण गावातल्या एकाने गाडी उचलून आणली आणि चौकात त्याच्या शेजारी आमची लावली की आमची बसल्यासारखी दिसायची, झालं एवढंच. कारण विचाराल तर हेच, उगाच शेताचं नाव कशाला सांगू.

पुण्यातल्या एका दुकानात गेलो. तिथल्या पोराने पहिलाच प्रश्न विचारला, "सर, किती इंच?" तेव्हाच उठून यायला पाहिजे होतं. पुढच्या शॉकअपच्या डोक्यावर ॲल्युमिनियमचे गोल स्पेसर, म्हणजे उंची वाढवायच्या जाड चकत्या, बसवले, मागे पण तसंच काहीतरी, तीन तासात गाडी तयार, मी खूष. स्पेसर दिसायला इंचभराचाच होता पण गाडी पुढून त्याच्या जवळपास दुप्पट उचलली गेली, मला वाटलं वा, फायद्यात पडलो. ते का होतं ते नंतर कळलं. शॉकअप खालच्या आर्मच्या (चाक धरणाऱ्या आडव्या दांड्याच्या) मधोमध कुठेतरी बसतो आणि चाक आर्मच्या टोकाला, त्यामुळे वर इंचभर ढकललं की टोकाला त्याच्या दुप्पटीच्या आसपास फरक पडतो, सीसॉसारखं.

पाच महिन्यांनी वळताना उजवीकडून टक टक टक यायला लागलं. आधी वाटलं खडा अडकला असेल. चाक काढलं तर रिमच्या आतल्या बाजूला काळं ग्रीस फेकलेलं, गोल पट्टाच्या पट्टा, त्यावर लाल माती बसून त्याची पेस्ट झालेली, आणि एक्सलच्या, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या, टोकाला जो घडीघडीचा रबरी बूट असतो त्याच्या दोन घड्यांच्या मध्ये बोटभर चीर. त्या चिरीतून ग्रीस बाहेर आणि माती आत, म्हणजे बुटाच्या आतला जॉइंट गेलाच. आमच्या भोरच्या मिस्त्रींनी बॅटरी मारून बघितलं, चाक हाताने हलवलं आणि म्हणाले, "दादा, गाडी उचलली तुम्ही, एक्सल कुणी उचलायचा?"

यातच सगळं आलं बघा. या थारला पुढे दोन्ही चाकं स्वतंत्र आहेत, डबल विशबोन म्हणतात ते. पुढचा डिफरन्शियल (इंजिनाची ताकद दोन्ही चाकांना वाटणारा गिअरचा गोळा) चॅसीला बांधलेला आणि तिथून दोन आखूड एक्सल चाकाकडे जातात. गाडी वर गेली की डिफरन्शियल वर जातो, चाक जमिनीवरच राहतं, मग एक्सल तिरका होतो. सरळ रस्त्यावर पण तिरका आणि खड्ड्यात चाक लोंबलं की आणखी तिरका, रबराच्या घड्या एका बाजूला दबून एकमेकांवर घासतात, फाटणारच ना. शिवाय अलाईनमेंट, म्हणजे चाकांचे कोन, हलते. माझे पुढचे दोन्ही टायर एका कडेने खाल्लेले होते आणि मला पत्ता नाही, कारण दुकानात अलाईनमेंटचा विषयच निघाला नव्हता. वरचे आर्म बदलल्याशिवाय जास्त उंचीला कॅम्बर (चाकाचा आत-बाहेरचा कल) आणि कॅस्टर (स्टेअरिंगच्या आसाचा पुढे-मागे कल) पूर्ण जागेवर येत नाहीत हे पण मिस्त्रींनीच सांगितलं, दुकानातल्या पोराने नाही.

बरं एवढं करून गाडी चिखलात अडकायची थांबली का, तर नाही. लावणीच्या दिवसात बांधाजवळ रुतली ती रुतलीच, ट्रॅक्टर बोलवावा लागला. तात्या खाली वाकले आणि म्हणाले, "अरे एवढी उंच केलीस आणि पोट तिथंच की!" मागे या गाडीला अख्खा एक्सल आहे, मधला डिफरन्शियलचा गोळा त्या एक्सलवरच असतो, तो स्प्रिंगच्या खालच्या बाजूला. गाडी कितीही उचला, गोळा जमिनीपासून होता तेवढाच राहतो, तो वर न्यायला टायरच मोठा लागतो, दुसरा उपाय नाही. तो गोळा चिखलात नांगरासारखा चालला होता, मागे तास पाडल्यासारखी चर होती. त्याच वाटेवरून नंतर लिफ्ट काढून टाकल्यावर नुसते मड टेरेन (चिखलासाठीचे, खोल नक्षीचे) टायर घालून आणि हवा १८ पीएसआयपर्यंत उतरवून गाडी आरामात गेली, तात्या शेजारी बसलेले. अट एकच, वर डांबरीला लागायच्या आधी हवा परत भरायची, बारीक कॉम्प्रेसर गाडीत ठेवायचा.

टायर मोठा म्हणजे पण किती ते गणित करा. थारला २५५/६५ आर १८ येतो, तो साधारण ३१ इंची. ३३ इंची घातला तर गोळा फक्त एक इंच वर जातो, व्यासाच्या निम्मं. आणि स्पीडोमीटर ८० दाखवतो तेव्हा गाडी ८५ ने पळत असते, पिकअप मरतो, ब्रेकला जास्त जोर लागतो. टायर घासतो म्हणून मग लिफ्ट लागते. म्हणजे क्रम उलटा आहे, आधी टायर ठरवा, तो घासत असेल तरच लिफ्ट, आणि घासणं थांबेल तेवढीच. दुकानात सुरुवातच लिफ्टपासून करतात.

गाडीगणिक पण वेगळं आहे हो. काकांची जुनी एमएम ५४० जीप होती तिला चारी बाजूला पाटे, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंग. एक पाटा वाढवायचा, शॅकल (पाट्याचं टोक टांगणारी कडी) लांब करायची, हे गावातला लोहार पण करायचा. पाटे एक्सलच्या खालून काढून वर बसवले तर चार-पाच इंच मिळायची, फक्त मग प्रोपेलर शाफ्टचा (एक्सलपर्यंत ताकद नेणाऱ्या दांड्याचा) कोन बिघडायचा आणि त्याच्या सांध्यातला क्रॉस दर दोन महिन्यांनी नवा. २०२० च्या आधीच्या थारला पुढे टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचं काम करणारा दांडा) आहे, त्याचा बोल्ट पाना लावून आवळला की गाडी फुकटात उचलते म्हणून लोक आवळतात आणि मग चाकाला खाली जायला जागाच राहत नाही, प्रत्येक खड्ड्यात दणका. मारुतीच्या जिमनीला पुढे मागे दोन्ही अख्खे एक्सल कॉइल स्प्रिंगवर, तिला आमच्यासारखा तिरक्या एक्सलचा त्रास नाही, पण गाडी उचलली की आडवा पॅनहार्ड रॉड (एक्सल डावी-उजवीकडे सरकू न देणारा दांडा) एक्सलला एका बाजूला ढकलतो आणि कॅस्टर कमी होतो, स्टेअरिंग हलकं आणि भिरभिरं लागतं. दोन इंच करायची असेल तर कॅस्टर दुरुस्त करायचे बुश (सांध्यातले रबर), ॲडजस्टेबल पॅनहार्ड आणि ब्रेकचे होज पुरतात का हे बघायलाच लागतं. नुसता स्पेसर घातला आणि शॉकअप जुनाच ठेवला तर चाक लोंबल्यावर शॉकअप टोकाला जाऊन खट्ट वाजतो, तो आवाज म्हणजे तुमचे पैसे. तेव्हा दोन इंच म्हणजे दोन इंच असं नसतं, कुठल्या गाडीखालची दोन इंच ते आधी.

आणि वजन. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि तुमच्या पानात त्याचा उल्लेखच नाही. स्प्रिंग उंचीवर घ्यायची नसते, वजनावर घ्यायची असते. परदेशी कंपन्यांच्या किटमध्ये एकाच गाडीला हलकी, मध्यम, जड अशा वेगवेगळ्या स्प्रिंग असतात, ऑस्ट्रेलियन ओल्ड मॅन इमू घ्या नाहीतर दुसरं कुठलं. पुढे लोखंडी बंपर आणि विंच (रुतलेली गाडी ओढून काढायचं दोरयंत्र) असेल तर सत्तर-ऐंशी किलो कायमचे नाकावर आले, त्याला जड स्प्रिंग पाहिजे. तीच स्प्रिंग मोकळ्या गाडीला घातली तर गाडी दगडासारखी उडते आणि बायको म्हणते आपण एसटीने जाऊ (आमच्याकडे म्हणाली). दुसऱ्या वेळी मी शहाणा झालो, गाडी रोजच्या सामानासकट आणि टाकी फुल करून वजनकाट्यावर घेऊन गेलो, आधी फक्त पुढची चाकं चढवली मग फक्त मागची, काट्यावाला हसत होता, वाळूचे ट्रक सोडून हे काय म्हणे. त्या दोन चिठ्ठ्या घेऊन दुकानात गेलो. दुकान अर्थातच दुसरं. तिथल्या माणसाने चिठ्ठ्या बघितल्या, विंच आहे का विचारलं, वर्षातून किती दिवस गाडी भरलेली असते विचारलं, किती इंच ते सगळ्यात शेवटी. ४० मिलिमीटरच्या स्प्रिंग आणि त्यांच्या जोडीचेच शॉकअप घेतले, टायरचा साइज तोच ठेवला. बुशचे बोल्ट त्याने गाडी जॅकवर असताना आवळले नाहीत, चाकं जमिनीवर टेकवून गाडीचं वजन आल्यावर आवळले, नाहीतर बुशचं रबर पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. कारागीर ओळखायचा तर मी आता एवढीच एक गोष्ट बघतो. हजार किलोमीटरला परत बोलावलं, स्प्रिंग थोडी बसली होती, अलाईनमेंट पुन्हा केली.

आता कायद्याचं. हे दुकानदार बोलतच नाहीत, विचारलं तर "सगळेच करतात सर" म्हणतात. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ आहे, कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा आरसीवरचा तपशील वेगळा पडेल असा बदल करायचा नाही. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये यावर कडक निकाल दिला आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२ए आलं, परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५ हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. प्रत्येक बदलाला बरं का, म्हणजे लिफ्ट वेगळी, बंपर वेगळा. अपघात झाला तर विम्यावाला पहिलं खाली वाकून बघणार आणि कंपनीची वॉरंटी तर स्पेसर दिसला की हात वर. मी स्वतः ४० मिलिमीटर घालून बसलोय आणि हे लिहितोय, मला कल्पना आहे. पण ऑस्ट्रेलियात कसं, अमुक मिलिमीटरपर्यंत तुम्ही करा, त्यापुढे इंजिनिअरचं सर्टिफिकेट आणा, असे राज्याराज्यांचे नियम आहेत. आपल्याकडे पण अशी एखादी रेघ मारा, मी पहिला आरटीओत रांगेत उभा राहीन. आज किट उघड दुकानात मिळतं, जीएसटीची पावती मिळते आणि रस्त्यावर गाडी बेकायदा, मग पोरं हे सगळं लपूनछपून स्वस्तात करतात आणि स्वस्तातलं म्हणजे तो ॲल्युमिनियमचा स्पेसर.

उंच गाडी कलंडते हे वेगळं सांगायला नको. गाडीत ईएसपी (घसरताना गाडी आपोआप सावरणारी यंत्रणा) आहे, तो कारखान्याच्या उंचीवर आणि कारखान्याच्या टायरवर बसवलेला असतो, आपण दोन्ही बदलून मग त्याच्या भरवशावर वरंधा घाटात ६० ने वळण घ्यायचं म्हणजे कमाल आहे.

एक विनंती, पुढच्या वेळी असं पान काढाल तेव्हा एक फोटो गाडीखालून काढलेला छापा, चाकाच्या आतल्या बाजूचा, एक्सल किती तिरका झालाय ते दिसेल असा. माझे काढलेले स्पेसर सध्या आईने कणगीखाली घुशी लागू नयेत म्हणून दोन बाजूंना ठेवलेत, उरलेल्या दोन बाजूंना विटा आहेत, आणि त्यामुळे कणगी थोडी कललीय.

आपला,
एक वाचक, भोर, जि. पुणे

ता. क. : लिहायचं राहिलं, लिफ्ट केल्यावर हेडलाइट खाली करून घ्या. मला दोन महिने वाटत होतं घाटात समोरून येणारे सगळे माझी गाडी बघून डिपर देतायत.