करवत अजून माझ्याकडेच आहे, मास्तर

आदरणीय मास्तर,

अस्सलामु अलैकुम.

तुमची करवत अजून माझ्याकडेच आहे. सहा वर्षं होत आली. मुठीला गुंडाळलेली सायकलच्या ट्यूबची पट्टी मध्ये एकदा तुटली, ती मी नवी लावली. बाकी जशी दिलीत तशी आहे. मुंब्र्याला लेकीकडे राहायला गेलात तेव्हा मी ती घेऊन एसटी स्टँडवर आलो होतो. तुम्ही हसून म्हणालात, "ठेव रे, चौथ्या मजल्यावर मी काय कापू?"

हे पत्र असं चारचौघांत लिहायचं तर तुमची परवानगी हवी होती. फोनवर विचारलं, तर तुमचं ठरलेलं उत्तर आलं: शुक्र अल्लाहचं करायचं, माणसाचं कशाला? मग मी तुम्हीच चौथीच्या वर्गात शिकवलेली हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, तुम्हाला ऐकवली, की जो माणसांचे आभार मानत नाही तो अल्लाहचेही मानत नाही. तुम्ही गप्प झालात. नंतर म्हणालात, "बरं, लिही. पण नाव घालू नको." नाव घातलेलं नाही. श्रीवर्धनच्या आसपास ज्यांनी उर्दू शाळेत तुमच्या हातचा मार खाल्लाय ते ओळखतीलच. त्याला माझा इलाज नाही.

3 जून 2020, बुधवार. निसर्ग चक्रीवादळ दुपारी आमच्याच किनाऱ्यावर येऊन आदळलं. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर होता, हे नंतर पेपरात वाचलं. त्या वेळी एवढंच कळत होतं, की अम्मी पलंगाखाली बसून मोठ्यानं कुराणातली आयतुल कुर्सी पढतेय आणि मी दोन हातांवर असूनही मला तिचा आवाज येत नाही, नुसते ओठ हलताना दिसतायत. कौलं एकामागोमाग उडत होती. वारा ओसरल्यावर मागचं दार उघडायला गेलो तर ते उघडेना, कारण पलीकडे माड आडवा पडला होता.

वाडी चौदा गुंठ्यांची. पोफळी 190, माड 22. बाबांनी लावलेल्या, काही तर आजोबांच्या हातच्या. मी सौदीत दम्माममध्ये अकरा वर्षं काढून 2019 मध्ये परत आलो आणि साठवलेलं सगळं या वाडीत घातलं. पंप, पाइप, चिऱ्याचं कुंपण. पैसे कमी पडले तेव्हा बायकोचे दागिने ठेवून कर्जही काढलं. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही, दोन वर्षांत फिटेल, असा माझा हिशेब होता. तासा-दोन तासांत त्या हिशेबाचं काय झालं ते तुम्ही पाहिलंतच. माड मुळासकट उपटले होते, पोफळी मात्र मधोमध मोडून पांढऱ्या काड्यांसारख्या उभ्या होत्या. उपटलेलं झाड पाहवतं. ते अर्ध्यावर मोडलेलं पाहवत नाही.

मी नमाजाच्या चटईवर, मुसल्ल्यावर बसलो, तो उठेचना. मशिदी तेव्हा बंदच होत्या, नमाज घरीच चालली होती. पाच वेळची नमाज, मध्ये तस्बीह, कोणी काही विचारलं की "अल्लाहची मर्जी". शेजारी म्हणाले, केवढा सब्र आहे याच्यात! मलाही तसंच वाटत होतं. आठवड्यानं मोबाइलला रेंज आली तेव्हा आखाती देशांतल्या दोस्तांचे तुंबलेले सगळे मेसेज धडाधड येऊन पडले. उगवता सूर्य, गुलाबाचं फूल आणि खाली "सकारात्मक राहा, अल्लाह सगळं ठीक करेल". त्यांचं काही चुकलं नाही. दूरवर बसलेला माणूस आणखी काय पाठवणार? पण मी ते एकेक पुसत होतो आणि आत काहीच हलत नव्हतं.

तुम्ही मात्र रेंज यायच्या आधीच, पाचव्या दिवशी आलात. तोंडाला रुमाल, लुंगी गुडघ्यापर्यंत दुमडलेली, खांद्यावर ही करवत. वय तुमचं तेव्हा चौऱ्याहत्तर. ओसरीवर चढला नाहीत. अंगणातूनच विचारलंत, "पंचनामा झाला?"

मी म्हटलं, "अल्लाह बघेल, मास्तर."

"तो बघतोच आहे. तुझा उंट कुठाय?"

मला लगेच कळलं. तो किस्सा तुम्ही आम्हाला किती वेळा सांगितला होता. एकानं पैगंबरांना विचारलं, उंट बांधून अल्लाहवर भरवसा ठेवू, की मोकळा सोडून ठेवू? उत्तर मिळालं, बांध आणि भरवसा ठेव. त्या भरवशालाच तवक्कुल म्हणतात. तिर्मिझींच्या संग्रहातली हदीस. शाळेत आम्ही ती पाठ केली होती आणि परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते. त्या दिवशी तुम्ही ती पुन्हा सांगितली नाहीत. "ये, धर" म्हणून करवतीचं दुसरं टोक पुढे केलंत. दारात आडव्या पडलेल्या माडापासून आपण सुरुवात केली. जुना माड, करवत निम्म्यात अडकायची. एकदा तुम्ही पाचर मारलीत आणि दम खात म्हणालात, "तवक्कुल म्हणजे काय ते आता तुझ्या पाठीला कळेल." दोन दिवस पाठ दुखत होती.

मग चुना. घरात होता तेवढा चुना कालवून प्रत्येक मोडक्या बुंध्यावर आकडा घालायला लावलात. 159 पोफळी, 13 माड. कशाला, असं मी विचारलं तेव्हा म्हणालात, "तलाठी येईल तेव्हा तू रडत सांगशील, तो अंदाजे लिहील. आकडा असला की त्याला तोच लिहावा लागतो." वीज नव्हती, म्हणून फोटोंसाठी मोबाइल कोणाच्या तरी रिक्षाच्या बॅटरीवर चार्ज करून आणलात. सातबारा काढला तर त्यावर अजून बाबांचं नाव! वारस नोंद मी परत आल्यापासून उद्यावर ढकलत होतो. तो अर्ज तुम्ही तुमच्या त्या शाळामास्तरी अक्षरात लिहिलात, एकेका वेलांटीला थांबत. मदत जाहीर झाली ती बागायतीला हेक्टरी 50 हजार. म्हणजे गुंठ्याला पाचशेच्या आसपास, माझ्या वाट्याला सातएक हजार. आमच्याकडे जमिनी गुंठ्यांत आणि झाडं दाटीनं, तिथं हेक्टरचा हिशेब तोकडाच पडतो. पण नोंद झाली, नाव लागलं, आणि पुढचा प्रत्येक कागद त्या नोंदीवर निघाला.

आता मी ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो त्या दोन गोष्टी. एक तो कागद, दुसरं ग्रहण.

कागद म्हणजे कॅलेंडरचं फाडलेलं पान, मे महिन्याचं. त्याच्या पाठीवर तुम्ही एक दुआ लिहून दिलीत, बुखारींच्या संग्रहात आहे ती. "अल्लाहुम्म इन्नी अऊजु बिक मिनल हम्मि वल हजन..." मला ती येत होती. लहानपणापासून पढत आलोय, घडाघडा. तुम्ही एकेका शब्दाखाली रेघ मारून मराठीत अर्थ लिहिला होता. हम्म: जे अजून घडलं नाही त्याचा घोर. हजन: जे घडून गेलं त्याचं दुःख. अज्ज: हातात ताकद नसणं. कसल: ताकद असून हात न हलवणं, आळस. पुढे भित्रेपणा, कंजुषी, कर्जाचा बोजा, माणसांची जबरदस्ती. या सगळ्यांपासून पनाह मागायची.

"यातलं तुझं कुठलं?" तुम्ही विचारलंत.

मी पटकन म्हणालो, "अज्ज. माझ्या हातात काय आहे, मास्तर?"

तुम्ही काही बोलला नाहीत. करवतीकडे पाहिलंत, मग माझ्या हाताकडे. मला घाम फुटला. तीन दिवस आपण झाडं कापत होतो, हात धडधाकट होते. मुसल्ल्यावर बसून मी ज्याला सब्र म्हणत होतो तो निम्मा तरी चौथा शब्द होता. नमाज खोटी नव्हती, तिच्याआड मी लपलो होतो. ही गोष्ट मला दुसऱ्या कोणी सांगितली असती तर मी भांडलो असतो. तुम्ही ती पैगंबरांच्याच दुआतून माझ्यापुढे ठेवलीत, भांडणार कोणाशी?

ते पान अजून कुराण शरीफच्या रुमालात आहे. अक्षर ओलीनं जरा फुटलंय.

दुसरी गोष्ट 21 जूनची, रविवार. सूर्यग्रहण होतं. उत्तरेत कंकणाकृती, आपल्याकडे खंडग्रास, आणि त्यातही पावसाळी ढग. मोहल्ल्यात तोवर एक बोलणं पसरलं होतं, की हा अजाब आहे. आधी कोरोना, मग वादळ, आता ग्रहण. आपल्या पापांची सजा. एकानं तर माझ्या तोंडावर सांगितलं, की ज्याचं जास्त गेलं त्यानं स्वतःच्या आत जास्त बघावं. मी ते खरं मानून बसलो होतो. दम्माममध्ये असताना बाबांच्या मयतीला पोहोचू शकलो नव्हतो, तो सल होताच. रात्री वाटायचं, त्याचाच हिशेब झाला.

ग्रहणाची नमाज तुमच्या ओसरीवर, अंतर ठेवून, आपण पाच जणांनी पढली. नंतर मी मनातलं बोललो. मास्तर, तुम्हाला इतकं चिडलेलं मी शाळेतही पाहिलं नव्हतं. आवाज मात्र चढवला नाहीत.

तुम्ही सांगितलंत, हिजरी सन 10 मध्ये पैगंबरांचा लहानगा मुलगा इब्राहिम वारला. दूधपिता होता. त्यांनी त्याला मांडीवर घेतलं आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. जवळच्यांनी विचारलं, तुम्हीसुद्धा? तर म्हणाले, डोळे वाहतात, मन दुखतं, पण तोंडातून तेच निघेल ज्यानं आमचा रब राजी आहे. आणि नेमकं त्याच दिवशी सूर्याला ग्रहण लागलं. लोक म्हणाले, इब्राहिमच्या मौतीमुळे सूर्य झाकोळला. "विचार कर," तुम्ही म्हणालात, "दुसरा कोणी असता तर गप्प राहिला असता. मुलगा गेलाय, लोक मान देतायत, बोलू द्यावं. ते उठले, नमाज पढली आणि सांगितलं, सूर्य-चंद्र अल्लाहच्या निशाण्या आहेत, कोणाच्या मरणानं किंवा जगण्यानं त्यांना ग्रहण लागत नाही. पोटच्या पोरासाठी त्यांनी आभाळाचा तसा अर्थ लावू दिला नाही, आणि तू तुझ्या पोफळींसाठी लावतोस?"

मग जरा शांत होऊन ती हदीसे कुदसी, म्हणजे पैगंबरांनी पोहोचवलेलं अल्लाहचं बोलणं, सांगितलीत: माझा बंदा माझ्याबद्दल जसा गुमान, जशी समजूत ठेवतो तसा मी त्याच्याशी असतो. "हुस्ने जन्न म्हणजे 'सगळं छान होईल' असं घोकत बसणं नाही रे. छान होईल की नाही ते मला तरी कुठं ठाऊक? पण करणारा तुझा वैरी नाही, एवढा चांगला गुमान तरी ठेव. ज्याला दिवसातून पाच वेळा रहमान, रहीम म्हणतोस, त्याच्याबद्दल पाठीमागे असं बोलतोस?"

त्या रात्री मी बाबांसाठी दुआ मागितली. स्वतःच्या माफीसाठी नाही, फक्त त्यांच्यासाठी. बऱ्याच दिवसांनी झोप लागली.

तुमचं सगळं मला पटलं असं मात्र नाही, हेही लिहितो. दुआ वाया जात नाही, एक तर मागितलेलं मिळतं, नाही तर तेवढी एखादी बला टळते, नाही तर आखिरतसाठी, मरणानंतरच्या जगासाठी जमा होते, असं तुम्ही समजावलंत. मी हदीस मानतो. पण दागिने सोडवायला 2023 उजाडलं, आणि त्या तीन वर्षांत बायकोच्या मोकळ्या गळ्याकडे पाहताना "कुठली बला टळली?" असं कितीदा मनात आलं. एकदा तुम्हाला तसं बोललोही. तुम्ही म्हणालात, "विचारतोस त्यालाच ना? मग विचार. याकूब पैगंबरांनीही आपलं गाऱ्हाणं त्याच्याकडेच नेलं होतं, आणि रडून रडून त्यांचे डोळे गेले होते." त्या दिवसापासून मी दुआत भांडतोसुद्धा.

जुलैच्या पहिल्या पावसात तुम्ही रोठ्याची रोपं घेऊन आलात. परसात स्वतः रुजवलेली, दीड वर्षाची, पंचवीस. मी हिशेब घातला, फळ धरायला सहा-सात वर्षं. म्हटलं, "मास्तर, तोवर..." वाक्य पुरं केलं नाही. तुम्हीच केलंत: "तोवर मी नसेन? कयामत आली आणि हातात रोप असलं तरी लावून टाका, असं सांगितलंय. माझी कयामत त्याहून मोठी आहे का?" आणि खड्डे खोदायला लागलात. दोन पोफळींमध्ये सावलीला केळ लावायची, हे मला माहीत होतं, तरी तीनदा बजावलंत.

या वर्षी त्यातल्या चार पोफळींना पहिलं शिंपुट धरलंय. लहानसंच, अजून हिरवं आहे. पिकून वाळलं, सोललं, की पहिली मूठभर सुपारी मुंब्र्याला येईल. तुम्हाला आता चावता येणार नाही हे ठाऊक आहे, लेकीला अडकित्त्यानं बारीक कातरायला सांगा.

पंचवीसपैकी बावीस जगली. उरलेल्या तिघांचं काय झालं ते तुम्ही पहिल्यांदा विचाराल, म्हणून आधीच लिहितो. एक पहिल्याच उन्हाळ्यात करपलं, ती चूक माझी, पंप बिघडला होता आणि मी दोन दिवस लावले. एक साळिंदरानं खाल्लं. तिसरं का गेलं ते मला अजून कळलेलं नाही. आळं खणून बघतो आणि फोन करतो.

दुआत याद ठेवा.

तुमचा,
मागच्या बाकावरचा