कातळ्याविषयी

पुणे

चि. सोहम यास अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले कातळ्याचे टिपण आणि चित्र मिळाले. दिवाळीत मित्रांना बसवून, फासे टाकत गोष्ट पुढे नेण्याचा जो डंजन्स अँड ड्रॅगन्ससारखा खेळ घेणार आहेस, त्यासाठी सह्याद्रीच्या कड्यांवर राहणारा आणि आजवर कोणाच्याही दृष्टीस न पडलेला मार्जारकुळातला प्राणी रचावा, ही कल्पना मला फार आवडली. प्राणिशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलेल्या बाईला असा कागद मत विचारायला पाठवलास, तर ती लाल पेन घेऊन बसणार हे तुला ठाऊक असणारच.

तुझ्या टिपणातले ४० किलो वजन, टोळीने शिकार, गर्जना, नखांत विष, अंधारात अदृश्य होणे आणि वर ३० फुटांची उडी, हे सगळे एकाच अंगात बसवायचे, तर त्याला रोज खायला काय मिळणार हा प्रश्न मला प्रथम पडला. मांसाहारी प्राण्यांचा साधारण हिशेब असा आहे, की २० किलोंच्या आतले जनावर उंदीर, पक्षी, सरडे अशा किरकोळ भक्ष्यावर निभावून नेते. त्यापुढे वजन गेले, की शोधण्यात आणि पकडण्यात खर्ची पडणारी शक्ती तेवढ्या घासातून भरून येत नाही आणि स्वतःच्या वजनाच्या आसपासची शिकार करावी लागते. आपल्याकडची वाघाटी जेमतेम दीड किलोची असते, म्हणून तिचे उंदरा-पाखरांवर भागते. बिबट्याचे भागत नाही. कड्यावर मिळून मिळून काय मिळणार, तर पारवे, घुशी, एखादा ससा, रानकोंबडा, फार तर वानराचे पिल्लू. त्यामुळे कातळ्या १२ किलोंचा कर. टोळीचा विचार तर सोडूनच दे. या कुळात खऱ्या अर्थाने कळप करून राहतो तो सिंह, आणि तोही मोठी शिकार असलेल्या मोकळ्या रानात.

वजन उतरवलेस की त्याचे घरही आपोआप ठरते. सह्याद्रीचा कातळ म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे एकावर एक साचलेले थर. कठीण थराचा कडा उभा राहतो, मऊ थर झिजत जातो आणि दोहोंच्या सांध्यावर माणसाचे पाऊल कसेबसे मावेल एवढी पट्टी सुटते. राजगडाच्या माचीवरून खाली पाहिल्यास अशा पट्ट्या डोंगराच्या अंगावर आडव्या गेलेल्या दिसतात. कातळ्याचा जन्म, शिकार आणि मरण त्या पट्टीवरच होऊ दे. मग त्याला शेपूट लांब हवी, जवळजवळ धडाएवढी, कारण हिमबिबट्यासारखे कड्यांवर वावरणारे प्राणी तोल सांभाळतात तो शेपटीवर. मागच्या पायांचे घोटे उलटे वळणारे दे. ईशान्य भारतात आढळणारा ढगाळ बिबट्या अशा घोट्यांच्या जोरावर झाडाच्या खोडावरून डोके खाली करून उतरतो, आणि तुझ्या खेळाडूंच्या डोक्यावरच्या कड्यावरून असे काही उलटे उतरत येताना दिसले, तर ३० फुटांच्या उडीची गरजच उरणार नाही.

विषाविषयी माझे मत स्पष्ट आहे: ते काढून टाक. विषारी मांजर जगात कोठेही नाही, आणि विषाचा काटा असलेले राक्षस तुझ्या पुस्तकांत ढिगाने आहेत. त्याऐवजी मांजराचा चावा खरोखर काय करतो ते पाहा. सुळे बारीक आणि अणकुचीदार असल्यामुळे जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, रक्तही फारसे येत नाही, माणूस पाण्याने धुतो आणि विसरतो. पण तोंडातले जंतू खोल आत जाऊन बसलेले असतात, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हात कोपरापर्यंत सुजून ठणकू लागतो. म्हणून चावा बसताच पात्राच्या जीवशक्तीचा एकच गुण, म्हणजे हिट पॉइंट, कमी कर आणि खेळाडूंना हसू दे. दुसऱ्या दिवशी सकाळी, गडाची शेवटची चढण समोर असताना, त्या पात्राची तलवार धरायची मूठ वळत नाही असे सांग.

अदृश्य होण्याचेही तसेच. डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये डिस्प्लेसर बीस्ट हा सहा पायांचा मार्जार आधीपासून आहे, तो असतो एका जागी आणि भासतो दुसऱ्या जागी. त्याची सावली आपल्या कातळ्यावर कशाला? तू लपण्याचा आकडा, म्हणजे तो दिसायला फासा आणि पात्राची नजर यांची बेरीज निदान जेवढी व्हावी लागते तो, २२ ठेवला आहेस. नजरेचे +२ असलेल्या पात्राला तो दिसायचा, तर २० बाजूंच्या फाशावर नेमके २० पडावे लागेल, म्हणजे शंभरात पाच वेळा. यात खेळणाऱ्याच्या हाती काही राहत नाही. मी एरवी १५ ठेवीन, म्हणजे १३ किंवा अधिक पडले की दिसला, शंभरात ४० वेळा. तुझा २२ फक्त पावसाने काळ्या पडलेल्या ओल्या कातळावर लागू कर, कारण त्याचा रंग त्याच कातळाचा आहे. दिवाळीनंतर गवत पिवळे पडते, तेव्हा तोच रंग त्याच्या अंगाशी येऊ दे. शिवाय रात्री मशाल उंच धरणाऱ्याला डोळे चमकताना दिसलेच पाहिजेत. डोळ्याच्या आत मागच्या बाजूला असलेला जो पडदा त्याला अंधारात पाहू देतो, तोच उजेड परत फेकतो. चित्रात बाहुल्या गोल काढल्या आहेस, त्या उभ्या चिरेसारख्या कर. गोल बाहुल्या वाघ-बिबट्यांच्या. जमिनीलगत दबा धरणाऱ्या लहान मार्जारांच्या बहुधा उभ्या असतात.

गर्जनेबद्दल मात्र मी थोडी घुटमळले. हिमबिबट्यालासुद्धा गर्जता येत नाही, तेव्हा १२ किलोंच्या गळ्यातून डरकाळी निघणे अवघड. पण कडा आवाज घुमवतो. खोकल्यासारखा आखूड आवाज दे, आणि तो कोणत्या दिशेने आला हे ओळखण्यासाठी फासा टाकायला लाव.

ही मांजरे मुताचा फवारा मारून हद्दी आखतात, हे तुझ्या टिपणात आहे, पण त्याचा पुढे तू काहीच उपयोग केलेला नाहीस. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात कातळ धुऊन निघाला की सगळ्या हद्दी पुसल्या जातील, शेजारी शेजाऱ्याच्या पट्टीवर येतील, हरलेला नर खाली गावाकडे सरकेल. तुझ्या कथेला कातळ्या गावात का आला याचे कारण हवे होते, ते हे घे. जादूगाराच्या शापापेक्षा मला हे अधिक पटते.

आता गावाविषयी. तुझे गावकरी त्याला पाहताच मशाली घेऊन धावत सुटतात, ते मला आपल्या मुलखातले वाटत नाहीत. जुन्नर आणि अकोले तालुक्यांतल्या उसात बिबटे माणसांच्या इतक्या जवळ राहतात, की वन्यजीव-अभ्यासक विद्या अत्रेय यांच्या अकोल्यातल्या अभ्यासात त्यांच्या खाण्याचा सर्वांत मोठा वाटा पाळीव कुत्र्यांचा निघाला. भीती आहे, नुकसान आहे, माणसेही दगावतात. तरी त्याच भागात वाघोबाची ठाणी आहेत आणि वाघबारशीला त्याला नैवेद्य दाखवला जातो. तुझ्या गावातल्या म्हातारीला कातळ्या ठाऊक असावा आणि तिने खेळाडूंना तो मारण्याची सुपारी देऊ नये, एवढे कर.

एक प्रसंग मात्र माझ्यासाठी घाल. ऊसतोडीत पिल्ले सापडली, की वनखात्याची माणसे ती खोक्यात घालून संध्याकाळी त्याच जागी ठेवतात आणि दूर थांबतात; बहुतेक वेळा आई येऊन एकेक पिल्लू तोंडात धरून घेऊन जाते. तुझ्या खेळाडूंना कड्याखाली कातळ्याचे पिल्लू सापडू दे. हाताळायचे, विकायचे की ठेवून मागे हटायचे हे त्यांनी ठरवावे, आणि आई वरच्या पट्टीवरून पाहते आहे हे फक्त तुला माहीत असावे.

सुधारलेले टिपण निघण्यापूर्वी पाठव, म्हणजे बाबा त्याची मोठ्या अक्षरात प्रत काढून ठेवतील. तुझ्या कथेतल्या गुहेच्या तोंडाशी आग्या मोहोळ ठेवायचे की नाही हे तू ठरव. मी असते तर ठेवले असते.

तुझी,
आई