दादाच्या शिबिराविषयी आई-बाबांना पत्र

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

दादाला साहस शिबिराला पाठवण्याचा विषय मी काढला, तेव्हा आईने फोनवर एवढेच विचारले होते, "तिथे त्याचा हात कोण धरणार?" त्या वेळी मला नीट उत्तर देता आले नाही. आता दादासारख्या बधिरांध, म्हणजे ऐकणे आणि दिसणे दोन्ही अधू असलेल्या व्यक्तींच्या अशाच एका शिबिरात पाच दिवस मदतनीस म्हणून राहून आले आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिल्याच दिवशी होडीत बसताना मी एका बाईंचे मनगट धरले आणि त्यांचा हात वल्ह्यावर नेऊन ठेवला. त्यांनी तो शांतपणे सोडवून घेतला, माझा हात वल्ह्यावर ठेवला आणि त्यावर आपला हात टेकवला. मदतनिसाचा हात खाली आणि त्यांचा वर असला, म्हणजे काय चालले आहे ते त्यांना कळते आणि नको वाटले तर हात काढूनही घेता येतो. आई, आपण तिघेही इतकी वर्षे दादाला मनगट धरूनच सगळीकडे नेत आलो आहोत, हे मला त्या क्षणी फार लागले.

पायवाटेवरही तसेच. शिबिरार्थी मदतनिसाच्या कोपराच्या वर धरून अर्धे पाऊल मागे चालतो, त्यामुळे चढ, उतार, वळण त्याला समोरच्याच्या शरीराच्या हालचालीवरूनच समजते. बोलणेही हातांवर हात ठेवून चालते. दादाला सांकेतिक भाषा लहानपणापासून येते. पण नळीतून पाहावे एवढीच नजर उरल्यामुळे आपले हात त्याच्या दृष्टीबाहेर जातात आणि आपल्याला वाटते, त्याचे लक्ष नाही. तिथे रात्री शेकोटीपाशी दुभाषी हातात बोलत असताना दुसरे कोणी पाठीवर बोटांनी सांगत होते, की आत्ता सगळे हसले, आत्ता डावीकडचा माणूस उठून गेला. घरच्या किती बैठकांत दादा असा काहीही न कळता बसून राहिला असेल!

बाबा, तुम्हाला भीती आहे ती तो पडण्याची, आणि ती खरी आहे. दादाला असलेल्या अशर सिंड्रोमच्या, म्हणजे बहिरेपणासोबत हळूहळू नजरही कमी करणाऱ्या आनुवंशिक विकाराच्या, पहिल्या प्रकारात बहिरेपणाबरोबरच आतल्या कानातला तोल सांभाळणारा भागही जन्मापासून दुबळा असतो. म्हणूनच दादा उशिरा चालायला लागला. पुढे डोळ्यांच्या आधाराने तो तोल सावरत राहिला आणि अंधारात भेलकांडला की आपण त्याला धांदरट म्हणालो. कृत्रिम भिंतीवर चढताना मात्र हातापायांना पकड असते आणि कमरेचा दोर खालून ताणून धरलेला असतो. चढणाऱ्याला वर हाक ऐकू जात नाही, म्हणून दोराला किती झटके म्हणजे 'थांब' आणि किती म्हणजे 'खाली घेतो', हे जमिनीवरच ठरवतात. त्याआधी पट्टे, बकले आणि गाठ त्याला स्वतः चाचपून पाहू देतात. पाण्यात उतरण्यापूर्वी श्रवणयंत्रे काढून ठेवावी लागत असल्याने थोडेफार ऐकू येणाऱ्यांसाठीही उजव्या खांद्यावर थाप म्हणजे उजवीकडे, अशा खुणा आधीच ठरतात. पाठीवर बोटाने मोठी फुली काढली, की काही न विचारता लगेच बरोबर निघायचे.

दोघांच्या सायकलीवर मागे बसून पायडल मारणे दादाला सर्वांत आवडेल, असे मला वाटते. बधिरांध लेखिका हेलन केलर यांनाही अशी सायकल आवडत असे. १९०३ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्यांनी लिहिले आहे, की होडी वल्हवताना पाणगवताच्या, कमळांच्या आणि काठावरच्या झुडपांच्या वासावरून त्या दिशा ओळखत. दादाला पावसाआधीचा वास आपल्या सर्वांच्या आधी येतो, ते मला हे वाचताना आठवले.

तुम्हाला लिहिण्याआधी मी त्याला विचारले. त्याने माझ्या तळहातावर बोटाने लिहिले, "किती दिवस?" मी पाच म्हटल्यावर त्याने लिहिले, "कमी आहेत."

अर्जावर त्याची सही लागेल, ती त्यालाच करू द्या. त्याच्या तोलाविषयी प्रशिक्षकांना आधीच कळवायचे आहे, तेव्हा आई, डॉक्टरांचे जुने कागद काढून ठेव. रविवारी मी येते आहे.

तुमची,
धाकटी