जिममधला फिनेलचा वास म्हणजे स्वच्छता नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पिंपरी-चिंचवडमध्ये आता गल्लोगल्ली जिम झाल्यात, लोक व्यायामाला लागलेत, चांगलंच आहे, पण त्या जिम साफ कशाने करतात हे कोणी विचारतच नाही म्हणून हे पत्र. मी जाते ती जिम बेसमेंटला आहे, एसीमुळे सगळं बंद, आणि सकाळची बॅच भरात असतानाच मावशी पोछा घेऊन येतात. पाण्याच्या जुन्या बाटलीत भरलेलं लूज फिनेल, त्यावर लेबल नाही काही नाही, किती पाण्यात किती टाकायचं ते त्यांना कोणी सांगितलेलं नाही, मग अंदाजाने ओततात आणि दोन मिनिटांत डोळे चुरचुरायला लागतात. मॅनेजरना बोलले तर म्हणाले, मॅडम वास आला नाही तर मेंबर तक्रार करतात की साफच केलं नाही.

खरी अडचण हीच आहे. आपल्याला वास आला की स्वच्छ झालं असं वाटतं. शांत बसलेला माणूस मिनिटाला साधारण 6 ते 8 लिटर हवा आत घेतो, जोरात पळताना हाच आकडा 100 लिटरच्या आसपास जाऊ शकतो, आणि तीही बरीचशी तोंडाने, म्हणजे नाकात जे काही गाळलं जातं तेही नाही. म्हणजे ऑफिसात जे फिनेल कसंबसं चालून जातं ते जिममध्ये कितीतरी पटीने छातीत जातं. ज्यांना दम्याचा त्रास आहे त्यांनी काय करायचं, व्यायाम सोडायचा?

आणि आपण तासाभराने घरी जातो, मावशी तिथेच असतात. त्यांच्या बोटांची टोकं सोललेली आहेत, ग्लोव्हज कधी बघितले नाहीत. नॉर्वेतल्या बर्गन विद्यापीठाच्या संशोधकांनी 2018 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता, सहा हजारांवर लोकांची वीस वर्षांची माहिती घेऊन, त्यात सफाईकाम करणाऱ्या बायकांच्या फुफ्फुसांची ताकद इतर बायकांपेक्षा जास्त वेगाने कमी झालेली दिसली. तिकडे ही गत, मग आपल्याकडे बंद बेसमेंटमध्ये बिना ग्लोव्हजचं काम करणाऱ्या बाईचं काय होत असेल!

बाथरूमचं तर विचारूच नका. आधी अ‍ॅसिडवालं टॉयलेट क्लीनर आणि त्यावरच ब्लीच टाकलं तर क्लोरिन वायू तयार होतो, छोट्या बंद बाथरूममध्ये तो माणसाला हॉस्पिटलात पोचवू शकतो. साफसफाई करणाऱ्यांना हे शिकवलेलंच नसतं, आणि शिकवणं मालकाचं काम आहे, त्यांचं नाही.

मालक लोक म्हणतील, घाम, गजकर्ण, इन्फेक्शन, स्ट्राँग औषध लागतंच. गजकर्णाचा त्रास खरा आहे, आपल्याकडे हल्ली तो औषधांनाही पटकन दाद देत नाही. पण बेंचवर घामाचा आणि मळाचा थर तसाच ठेवून वरून फवारा मारला तर ते औषध नीट लागूच होत नाही. शिवाय बहुतेक जंतुनाशकांना पृष्ठभाग काही मिनिटं ओला राहावा लागतो, ते कॅनवर लिहिलेलं असतं, आणि आपण फुस्स करून लगेच पुसतो. कोविडच्या वेळी 2020 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही सांगितलं होतं की रोजच्या सफाईसाठी खोल्यांमध्ये फवारणी करू नका, कापडाने पुसा.

मग करायचं काय, तर आधी साधं साबणाचं पाणी आणि मायक्रोफायबरचं कापड, बराचसा मळ आणि जंतू त्यातच निघून जातात. जिथे हात, मान, पाठ टेकते तिथे वरून सौम्य हायड्रोजन पेरॉक्साइडवालं क्लीनर, काम झालं की त्याचं पाणी आणि ऑक्सिजन होतं. लादीला सौम्य, बिनवासाचं लिक्विड पुरे. काही जण संत्र्या-लिंबाच्या साली आंबवून केलेलं बायोएन्झाइम सुचवतात, लादीला ठीक आहे, पण बेंचवर जंतुनाशक म्हणून त्याच्या भरवशावर राहू नये असं माझं मत. आणि नुसतं कडुलिंबाचं चित्र बघून कॅन घेऊ नका, आत काय आहे ते वाचा. पर्यावरणाला कमी त्रास देणाऱ्या वस्तूंसाठी सरकारची इकोमार्क योजना 1991 मध्ये सुरू झाली, 2024 मध्ये तिचे नवे नियम आले, मातीच्या माठाचं चिन्ह, त्यात साबण-डिटर्जंटही येतात, ते चिन्ह दिसलं तर बघावं.

खर्चाचं म्हणाल तर ब्लीचने बेंचचं रेक्झिन लवकर तडकतं, मग आतला स्पंज घाम पितो आणि कितीही पुसलं तरी तो वास जात नाही. ते कव्हर बदलायला पण पैसे लागतातच की. आणि हे सगळं पाणी गटारातून शेवटी नदीकडेच जातं. आळंदीला इंद्रायणीवर फेस तरंगताना आपण सगळ्यांनी बघितलाय, तो काही जिममुळे आलेला नाही, त्याची मोठी कारणं वेगळी आहेत, पण आपल्या बादलीपुरतं तरी आपल्या हातात आहे ना.

जिमवाल्यांना एवढीच विनंती, एक महिना करून बघा. पोछा बॅच संपल्यावर मारा, मावशींना ग्लोव्हज द्या, लूज फिनेल बंद करा आणि जे वापरता त्याचं नाव रिसेप्शनवर लावा. मेंबरनीही स्वतःचा नॅपकिन आणावा, सेट झाला की बेंच पुसावा, आणि वास नाही म्हणून तक्रार करू नये.

आपली,
एक वाचक, चिंचवड