येरेवानहून परतल्यावर लेकीला

पळसदेव

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू रागाने फोन ठेवलास आणि मीही परत लावला नाही. फोनवर आपलं धड बोलणं होत नाही, म्हणून लिहायला बसलोय. शिकून झाल्यावर तू जर्मनीला जायचं म्हणतेस, तो विषय काढायचा नाही, एवढं ठरवूनच.

येरेवानमध्ये तू दाखवलेली ती टेकडी, आर्मेनियन नरसंहाराच्या स्मारकाची, डोक्यातून जात नाही. त्सित्सेर्नाकाबेर्द हे नाव अजून नीट म्हणता येत नाही, पण इथे भेटेल त्याला तेच सांगतोय. मधून चिरलेला तो ४४ मीटरचा सुळका, आत झुकलेल्या १२ शिळा, पायऱ्या उतरून गेल्यावर ती ज्योत आणि भोवती फुलंच फुलं. १९१५ पासून तुर्कांच्या ऑटोमन सरकारने आर्मेनियन लोकांना घरांतून काढलं, सीरियाच्या वाळवंटाकडे पायी हाकललं. १५ लाखांच्या आसपास माणसं गेली. पन्नास वर्षांनी, १९६५ मध्ये, येरेवानचे लोक हजारोंनी रस्त्यावर उतरले, तेव्हा कुठे स्मारक झालं, तेही १९६७ साली. तात्या धरणग्रस्तांच्या मोर्चाला भाकरी बांधून जायचे, ते आठवलं.

त्या लांबलचक भिंतीवर नुसती गावांची नावं. तू अक्षरांवर बोट ठेवून वाचत होतीस, वान, मूश, बितलीस. शेजारच्या आजीबाई थांबल्या, काहीतरी बोलल्या, आणि तू घरातल्यासारखी बोलायला लागलीस. मला एक शब्द कळला नाही, पण छाती भरून आली. दुसरीत जोडाक्षराला रडणारी माझी पोर! आणि खरं सांगतो, तेव्हाच पोटात गोळाही आला. एवढी रुळलीस तिकडे.

त्यांचा तो अरारात पर्वत अगदी समोर दिसतो, पण तो तुर्कस्तानात. १९९३ पासून सीमा बंद. ज्याच्याकडे बघत ही माणसं जगतात, तिथे त्यांना सरळ जाता येत नाही. आणि तुझी खोली आहे तो येरेवानचा भाग, अराबकीर, तिकडच्याच निर्वासितांनी १९२५ साली वसवला, मागे राहिलेल्या गावाचं नाव देऊन, हे तू सांगितलंस तेव्हा मी गप्प झालो. तुला वाटलं, दमलो.

आपणही नाव तेवढं बरोबर आणलं, सायली. बरोबरी करत नाही, तसं बोलणंही पाप होईल. आपल्याला कोणी मारलं नाही. नोटिसा आल्या, मोबदला मिळाला, कमी का होईना, आणि त्याच पाण्यावर आज सगळा ऊस उभा आहे. पण उजनी धरणाचं पाणी चढायला लागलं तेव्हा मी तिसरीत होतो. तात्यांनी घराची तुळई उतरवून बैलगाडीत घातली. तीच आपल्या मधल्या खोलीत आहे, खाली कोरलेली वेल अजून दिसते. आजी मात्र गाडीत बसायला तयार नव्हती. अजूनही उजनीचं पाणी उतरून पळसनाथाचं देऊळ उघडं पडलं की ती जाते. भेगाळलेल्या गाळात, शिंपल्यांवर उभी राहून सांगते, इथं गोठा, इथं चूल. मला काहीच दिसत नाही. तिला दिसतं.

परवा विचारत होती, सायली कधी येणार? मी म्हटलं, परीक्षा आहे.

तुझ्या त्या मैत्रिणीची आई आठवते. २०२३ च्या सप्टेंबरात अझरबैजानने घेतलेल्या काराबाखमधून लाखावर आर्मेनियन माणसं आठवड्याभरात बाहेर पडली, त्यातली. गाता, तो त्यांचा गोड पाव, वाढताना तिने विचारलं, तुमचं गाव कुठलं? तू काय सांगितलंस कोण जाणे, तिने माझ्या ताटलीत आणखी एक तुकडा ठेवला आणि बराच वेळ पाठ फिरवून उभी राहिली. अशा लोकांना परत जायला गाव नाही. तुला आहे. घर आहे, जमीन आहे, वाट बघणारी माणसं आहेत, आणि आपल्या भागात डॉक्टर किती कमी आहेत हे तू लहानपणापासून...

काढलाच शेवटी विषय. माफ कर. इकडे आल्यावर एफएमजीई, परदेशात शिकलेल्या डॉक्टरांची ती परीक्षा, आहे, भलेभले त्यात वर्षानुवर्षं अडकतात, हे मला समजतं. जर्मनीत शिकायला मिळेल, हेही समजतं. तुझी आई म्हणते, पोरीला अडवू नका. नाही अडवत. फक्त जाशील तर तिथलीच होशील, असं मनात येतं, आणि मग झोप लागत नाही.

जर्मनच्या क्लासची फी कळव, पाठवतो. तिकिटाचे पैसे वेगळे टाकलेत. यंदा पाणी लवकर उतरतंय, मे महिन्यात देवळापर्यंत चालत जाता येईल. आजीचे गुडघे आता एकटीने जायचे राहिले नाहीत. तेवढ्यापुरती ये, तिच्याबरोबर जा, ती दाखवेल ते बघून घे. मग जर्मनीचं ठरव. मी मध्ये बोलणार नाही.

रात्री जागून वाचत असशील तर दूध घेत जा.

तुझे
बाबा