खोका रिकामाच आणा

मा. संपादक, स.न.वि.वि.

तुमच्या शहर पानावर अधूनमधून त्या 'इमर्सिव्ह' की काय म्हणतात तसल्या प्रदर्शनांच्या बातम्या येतात, भिंतीभर चित्रं फिरतायत आणि लोक त्यात उभं राहून फोटो काढतायत. २०२३ ला मुंबईत व्हॅन गॉगचं तसलं आलं होतं तेव्हा आमच्या ग्रुपमधल्या निम्म्या बायका जाऊन आल्या, सूर्यफुलांपुढे साड्या मस्त दिसल्या, तक्रार काहीच नाही. पण परवा असाच फोटो बघताना मला एक वेगळंच फिरतं प्रदर्शन आठवलं, आणि ते कधीतरी आपल्याकडे यावं असं वाटून हे पत्र लिहितेय. लांबलंय, तुम्ही कापाल ते कापा.

२०१५ च्या सप्टेंबरात मी लंडनला मुलीकडे होते, तिच्या बाळंतपणासाठी. दीड महिना घराबाहेर पडले नव्हते, मग एका दुपारी जावई म्हणाले आई चला, थेम्सच्या काठी व्हॉक्सहॉलला काहीतरी गंमत लागलीये. जाऊन बघते तर बुटाचा खोका! पण माणसं आत शिरतील एवढा मोठा. आत चपला-बुटांचं दुकान असतं तसंच सगळं, खोक्यांची चळत आणि एक हसरी मुलगी. तिने माझा नंबर विचारला, एक खोका काढला, आतून बायकी काळे बूट निघाले, वापरलेले, उजव्या टाचेला जरा जास्त झिजलेले. ते घालायचे, कानाला हेडफोन लावायचा आणि नदीकाठाने चालत सुटायचं. ज्या बाईचे ते बूट ती तुमच्या कानात स्वतःची गोष्ट सांगते. दहाएक मिनिटं. मग परत येऊन बूट काढून द्यायचे. बस, एवढंच. तिकीट नाही, भिंतीवर काही टांगलेलं नाही.

'अ माईल इन माय शूज' हे त्याचं नाव. एम्पथी म्युझियम नावाची मंडळी आहेत, रोमन क्रझनारिक आणि क्लेअर पेटी यांनी उभं केलेलं, त्यांचं हे पहिलं काम. म्युझियम म्हणजे इमारत वगैरे काही नाही, नुसतं फिरतं. सीरियातून आलेला निर्वासित, युद्धातून परतलेला सैनिक, मेंदूचा सर्जन, शरीरविक्रय करणारी बाई, असल्या सगळ्यांचे बूट त्यांच्याकडे जमलेत.

खरं सांगायचं तर बूट पायात घालताना मला कसंतरीच झालं. आपल्याकडे दुसऱ्याच्या चपला घालतं का कोणी? देवळाबाहेर चुकून दुसऱ्याची पायात आली तरी आपण दचकतो, आणि स्वतःची चोरीला गेली तर पीडा गेली म्हणून खूश होतो. पन्नास पावलं मी फक्त तिच्या पायाचा विचार करत होते, आत तळव्याला तिच्या अंगठ्याचा खड्डा लागत होता ना. इंग्रजी मला सावकाश कळतं, पण ती बाई पण सावकाशच बोलत होती, मधे थांबत होती, श्वास ऐकू येत होता. काय बोलली ते इथे लिहीत नाही, ती तिची गोष्ट आहे. पण दहा मिनिटं मी फोनकडे पाहिलं नाही, नातवाची आठवण काढली नाही, कोणाला मधेच तोडून 'अगं माझं पण असंच झालेलं' म्हटलं नाही, आणि हे मला ओळखणाऱ्यांना विचारा, केवढं मोठं आहे ते.

आता मुद्द्याचं. हे प्रदर्शन नंतर २०१६ ला ऑस्ट्रेलियात पर्थला गेलं, २०१७ ला ब्राझीलमध्ये साओ पाउलोला गेलं. पण तिथे लंडनची रेकॉर्डिंग उचलून लावली असं झालं नाही, तिथल्या माणसांकडे जाऊन तिथलेच बूट आणि तिथल्याच गोष्टी गोळा केल्या. फिरतो तो खोका, आतला माल गावागावाचा. म्हणून माझं म्हणणं एवढंच की आपल्याकडे कोणी हे आणायला निघालं तर खोका रिकामाच आणा. (खोका म्हटलं की हल्ली महाराष्ट्रात लोकांच्या डोक्यात भलतंच येतं, तो नव्हे.) नाहीतर होणार काय, एखाद्या मॉलमध्ये एसी हॉलात इंग्रजी हेडफोन लावून आपण सातशे रुपयांत लंडनच्या दुःखाने हळवे होऊन घरी येणार.

आणि इथलं भरायचं म्हटलं की गोष्ट अवघड होते, कारण इथे पायातलं वाहाण हे नुसतं वाहाण कधीच नव्हतं. माझी आई सांगायची, तिच्या लहानपणी गावात दलित वस्तीतली माणसं वरच्या आळीतून जाताना पायातली चप्पल काढून हातात घ्यायची, आणि हे सांगताना ती आवाज बारीक करायची कारण वरची आळी म्हणजे आमचीच. त्यांच्या घरातल्या कोणाची चप्पल त्या खोक्यात असेल आणि ती माझ्या पायात यायची असेल तर ते नदीकाठच्या फेरफटक्याइतकं हलकं जाणार नाही, जाऊही नये. मागच्या वर्षी, २०२५ च्या जूनमध्ये, प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीने मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली तेव्हा आपण सगळे केवढे तापलो होतो, आमची चप्पल, २०१९ पासून जीआय टॅग, म्हणजे ही याच भागाची वस्तू अशी सरकारी नोंद, वगैरे. बरोबरच होतं तापणं. पण त्या आठवडाभराच्या गदारोळात कातडं कमावणाऱ्या, शिवणाऱ्या माणसाचा आवाज किती मिनिटं ऐकला आपण? मी तरी फॉरवर्डच ऐकले.

दुसरं. गटारात उतरणाऱ्या माणसाचे बूट पाहिजेतच ना खोक्यात? हाताने मैला साफ करायला लावण्यावर बंदीचा कायदा २०१३ चा. गटारात माणूस मेला तर घरच्यांना १० लाख द्या असं सुप्रीम कोर्टाने २०१४ ला सांगितलं, २०२३ ला ते ३० लाख केले. म्हणजे रक्कम वाढतेय आणि माणसं उतरतायतच. आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर मी स्वतः बघितलंय, हाफ पॅन्ट, उघडं अंग, अनवाणी. आता याच्या नंबरच्या खोक्यात ठेवणार काय?

आपल्याकडे 'जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे' म्हणतात, आणि इंग्रजीत दुसऱ्याच्या बुटात मैलभर चाला. वरवर एकच वाटतं पण नाही. बूट काढून ठेवता येतात. आपली म्हण कडक आहे, ती म्हणते त्याच्या वंशात जा, म्हणजे जन्मच घे, त्याशिवाय नाही कळणार तुला. त्यामुळे दहा मिनिटांत मला कोणाचं काही 'कळलं' असा माझा अजिबात दावा नाही. परत आल्यावर मी बदलले बिदलले पण नाही. चार दिवस कचरा न्यायला येणाऱ्या ताईंना चहा विचारला, त्यांना घाई होती, पाचव्या दिवशी मी पण विसरले.

मग कशाला हवंय, असं जावई विचारतात. तर ऐकण्यासाठी. आपल्याकडे बोलायला जागा पुष्कळ आहेत, व्याख्यानमाला आहेत, टीव्हीवर रात्री आठ-आठ जण एकदम बोलतात. अनोळखी माणूस मधे न तोडता दहा मिनिटं ऐकायची जागा मला तरी माहीत नाही. वारीत थोडंफार होतं, पालखी मुक्कामाला असली की चर्मकार मंडळी रस्त्याकडेला बसून वारकऱ्यांच्या चपला फुकट शिवून देतात, टाका घालता घालता गाव कुठलं, पाऊस झाला का, चालतं त्यांचं. सदाशिव पेठेत अभ्यासिकेत सहा वर्षं बसलेला एमपीएससीचा मुलगा, बीडहून कारखान्यावर गेलेली ऊसतोड बाई, एसटीची कंडक्टर, आमच्या बिल्डिंगचा नेपाळी वॉचमन, यांचं बोलणं त्यांच्या त्यांच्या बोलीत रेकॉर्ड करा, पुस्तकी मराठीत सुधारून घेऊ नका प्लीज. आणि लावा ते गॅलरीत नको, मंडईबाहेर नाहीतर स्वारगेट स्टँडवर, जिथे माणूस गाडीची वाट बघत बसलेलाच असतो.

आयोजकांपैकी कोणी हे वाचत असेल तर माझी एक जोडी देते, तपकिरी सँडल, नंबर पाच. डाव्या पायाचा बंद एकदा शिवलाय.

– एक वाचक, कोथरूड, पुणे